पेटी : आरोंद्याहून आपल्या सोसायटीपर्यंत

स्मरणिका समितीने लेख मागताना विषयाचं बंधन घातलं नाही. बाकीचे सभासद सोसायटीच्या नोंदणीपासूनच्या पंचवीस वर्षांचा हिशेब लिहिणारच आहेत. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी माणसं आपल्यात आहेत. मी लिहितो ते बाजाच्या पेटीबद्दल. आपल्या गणपतीत, कोजागिरीला वाजते तीच. ती कुठली, भाता हाताने का मारायचा, तिला बॅटरी का नाही, पूर्वी म्हणे रेडिओवर तिला बंदी होती ते खरं का, असे प्रश्न मला जिन्यात आणि गच्चीवर कितीदा विचारले गेले आहेत. उभ्या उभ्या देण्यासारखी ही उत्तरं नव्हेत. म्हणून एकदा बसून लिहिली.

माझं गाव आरोंदा. तालुका सावंतवाडी, सिंधुदुर्गाचं अगदी दक्षिणेकडचं टोक. तेरेखोल नदी इथे खाडी होऊन रुंदावते आणि समोरच्या काठावर किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. आता पूल झालाय, गाडी पाच मिनिटांत पलीकडे. आमच्या लहानपणी होडी होती. आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती होडी चक्क दुसऱ्या देशात जात होती, कारण पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. मी तेव्हा नऊ वर्षांचा. दोन्ही काठांवर सोयरीक, दोन्ही काठांवर तोच देव, तीच भाषा, आणि मध्ये पहारा. पण रात्री खाडीवरून आवाज फार लांब जातो. पलीकडे भजन चाललं असलं की इकडे आमच्या अंगणात पखवाज आणि पेटी ऐकू यायची. तिला कोणी अडवलं नाही!

गावात पेटी भेटायची ती दोन ठिकाणी. एक म्हणजे वाडीचं भजन. दुसरं, जत्रेतला दशावतार. दशावतारात वाद्यं मोजून तीन. मृदंग, झांज आणि पेटी. ती बरेचदा पायपेटी. राक्षस आला की मृदंगाचा कडकडाट, आणि राणीचं दुःख सुरू झालं की पेटीवाला एकच सूर धरून ठेवायचा. संहिता लिहिलेली नाही, संवाद रंगमंचावर सुचतील तसे, पदं वेळेवर उचललेली. नटाने कुठला सूर लावलाय हे अर्ध्या क्षणात ओळखून बोटं तिथे न्यावी लागत. शिक्षण कुणाचं कुठे झालं होतं? शेतीभाती करून रात्री वाजवणारी माणसं ती. पण कान असे की आज मी भल्या भल्या वर्गांत शिकलेल्यांकडे तो पाहिलेला नाही.

दशावतार मात्र पेटीपेक्षा कितीतरी जुना. म्हणजे पेटी त्यात मागाहून शिरली. आता हे वाद्य आपल्या देवळांत, भजनांत, मशिदीबाहेरच्या कव्वालीत, गुरुद्वारात इतकं मुरलंय की ते परदेशातून आलं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण आलंय परदेशातूनच, आणि तेही फार पूर्वी नाही.

पेटीचा जीव म्हणजे सूर. पितळेची पातळ पट्टी, एका टोकाला खिळवलेली, दुसरं टोक मोकळं. खालच्या खाचेतून हवा गेली की ती थरथरते. सुटं पातं म्हणू या हवं तर. ही युक्ती मूळ पूर्वेकडची. चीनमध्ये शंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य शेकडो वर्षं याच तत्त्वावर वाजतंय. अठराव्या शतकात तशी वाद्यं युरोपात पोचली आणि तिकडच्या कारागिरांचे हात शिवशिवू लागले. १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियन याने अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. १८४० नंतरच्या एकदोन वर्षांत पॅरिसच्या अलेक्झांडर डेबँ याने हार्मोनियम हे नाव आपल्या वाद्यासाठी नोंदवलं. हे टेबलाएवढं, दोन्ही पायांनी हवा भरायचं. चर्चला मोठा पाइप ऑर्गन परवडत नसेल तर त्याच्या जागी ठेवायचं.

अमेरिकेत त्याचं एक भावंड झालं, त्याचं नाव मेलोडियन. १८४६ मध्ये जेरेमाया कारहार्ट याने त्यात एक उलटी खुबी केली. भात्याने हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढायची. सूर त्यामुळे मऊ झाला. घरगुती बैठकीच्या खोलीत बसेल असं हे वाद्य, आणि काही तर इतकी लहान की मांडीवर घेऊन वाजवायची. गंमत म्हणजे विलायतेत मेलोडियन म्हटलं की लोक वेगळंच वाद्य दाखवतात: गळ्यात अडकवायचं, बटणांचं, दोन हातांत ताणायचं. त्यात एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा, आपल्या माऊथ ऑर्गनसारखं. बोट तेच, पण श्वास बदलला की सूर बदलला. आपल्या पेटीत असं नाही, आणि एका दृष्टीने ते बरंच आहे. नाहीतर आमच्या वाडीच्या भजनात भाता कुठल्या क्षणी कुठल्या दिशेला असेल याची खात्री कोण देणार होतं!

हे सगळं पाद्र्यांबरोबर, साहेबांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात उतरलं. कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास द्वारकिन नावाने वाद्यांचं दुकान काढलं. पुढच्या दशकात त्यांनी पायपेटीचे पाय काढून टाकले, भाता मागच्या बाजूला लावला आणि वाद्य जमिनीवर आणलं. खरी क्रांती हीच. आपल्याकडे गाणारा खुर्चीवर बसत नाही. सतरंजीवर मांडी घालून बसतो, तबलजी शेजारी, श्रोते समोर. पायपेटीवाला मात्र सगळ्यांच्या वर उंच बसायचा. हातपेटी आली आणि तो खाली सगळ्यांत येऊन बसला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. एक हात भात्यात गुंतला म्हणून पाश्चात्त्यांची दोन हातांची सुरावट गेली; पण आपल्याला ती नकोच होती. एका वेळी एक स्वर, तो गळ्याच्या मागे मागे. शिवाय खांद्यावर टाकून न्यायला सोपी. डोंगर उतरून, होडीत बसून, शेताच्या बांधावरून ती वाडीवाडीत पोचली ती यामुळेच.

महाराष्ट्रात तिला घरोघरी नेलं ते संगीत नाटकाने. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं आणि पदांचं वेड लागलं. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या भरभराटीच्या काळात ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँ असा थाट होता. हा ऑर्गन म्हणजे त्या मेलोडियनच्याच घराण्यातला मोठा भाऊ. बालगंधर्वांच्या आवाजाला तो कसा लगटून असे, हे जुन्या ध्वनिमुद्रिकांत आजही ऐकू येतं. गोविंदराव टेंबे हे तर पेटीचे स्वतंत्र वादक म्हणून गाजले. १९११ च्या मानापमानाच्या चाली त्यांच्या, आणि १९३२ च्या अयोध्येचा राजा या बोलपटात हरिश्चंद्राचं कामही त्यांनीच केलं. खाडीपलीकडच्या मुलखाने या वाद्याला काय दिलं हेही सांगायला हवं. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर. आडनावातच पेडणं आहे. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, जन्म १९३४ चा, गोव्यातल्या बोरीचे. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आणि रत्नागिरीकडचे गोविंदराव पटवर्धन मुंबईत कस्टम्सची नोकरी सांभाळून वाजवत. ऑफिस सुटलं की बोटं सुटायची!

आता रेडिओचं.

पेटीवर एक आक्षेप पहिल्यापासून होता आणि तो खोटा नव्हता. तिचे सूर ठोकून बसवलेले असतात. एका सप्तकाचे बारा सारखे भाग, पियानोला असतात तसे. पण तंबोऱ्यातून उमटणारा गंधार त्या मापात बसत नाही. दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो. पंचम मात्र जेमतेम दोन भागांनी उतरलेला, म्हणजे जवळपास बरोबर. दुसरं म्हणजे मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हे आपल्या गाण्याचं मर्म, आणि पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि त्या श्रुती वाजतील अशी पेटीच करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून बरीच गरमागरमी झाली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस पेटीच्या मागे लागतो, ही परंपरा जुनी आहे, एवढंच मी आमच्या घरात सांगत असतो.

तर १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली. त्या वेळचे नियंत्रक लायोनेल फील्डन हे इंग्रज. त्यांच्या खात्यातल्या जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने आधी तिच्याविरुद्ध लिहिलं होतं. रवींद्रनाथ टागोरांनीही बंदीला पाठिंबा दिला. पाहा, वाद्य युरोपचं, ते हिंदुस्थानी नाही म्हणून हाकलणारे साहेबही युरोपचे! स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, बंदी राहिली. अखेर १९७१ मध्ये, तीस वर्षं उलटल्यावर, साथीपुरती आणि अटींसह पेटी रेडिओवर परत आली. त्या तीस वर्षांत लाखो घरांत, देवळांत, चाळींत ती वाजतच होती. रेडिओवरचे गवई सारंगी नाहीतर व्हायोलिन घेऊन गात आणि घरी जाऊन पेटीवर शिकवण्या घेत. माझं मत विचाराल तर आक्षेप बरोबर होता आणि बंदी चूक होती. चांगला पेटीवाला जिथे सूर जुळत नाही तिथे बोट उचलतो, इतकंच. पट्टी न दाबणं ही त्याची खरी विद्या.

योगायोग असा की मीसुद्धा १९७१ सालीच मुंबईत आलो. वय एकोणीस. पेटी वाडीतल्या बुवांच्या शेजारी बसून उचललेली, नोटेशन वगैरे काही नाही. लालबागला आमच्या गाववाल्यांची खोली होती. दहा बाय बाराची एक खोली, ट्रंका भिंतीला लागून, पाळीपाळीने झोपणारी वीस-बावीस माणसं. बहुतेक गिरणीत, मी तेवढा एका कचेरीत कारकून. त्या खोलीत माळ्यावर एक पेटी होती. वर्गणी काढून घेतलेली, दुहेरी सुराची. गुरुवारी आणि एकादशीला ती खाली उतरायची. सेकंड शिफ्टवाले रात्री बारानंतर येत, म्हणून भजन लवकर आटोपायचं. डबलबारी असली की मात्र कोणाला झोप नाही. दोन बुवा समोरासमोर, एकाने अभंग टाकला की दुसऱ्याने त्याच्यावर चढ. रूपावली, गवळण, गजर. भजनी आवाज उंच, काळी चार नाहीतर काळी पाच. खालच्या पट्टीत गाणाऱ्याला खोलीतले म्हातारे म्हणत, "आजारी असस काय रे?"

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्याचा इतिहास आपल्यातल्या पुष्कळ घरांना सांगायला नको. खोलीतली माणसं एकेक करून गावी गेली. काही आंब्याच्या कलमांकडे वळली, काही पुन्हा आलीच नाहीत. वर्षभराने खोलीत भाडं भरणारे पाच उरले. तेव्हा ठरलं की पेटी गावच्या वाडीला द्यायची. मीच ती एस्टीच्या टपावर चढवून दिली, गोणपाटात गुंडाळून. कंडक्टरने लगेजचे पैसे घेतले आणि विचारलं, "ह्यात काय?" बरोबर जाणारा म्हणाला, "आमचो देव."

त्यानंतर बत्तीस वर्षं मी पेटीला हात लावला नाही. याला काही मोठं कारण नव्हतं. लग्न, मुलं, लोकल, ओव्हरटाइम. भाड्याच्या घरात शेजारी नको म्हणत. २००० साली आपली सोसायटी झाली, तेव्हा हप्ते सुरू झाले. वाद्य हे असं आहे की सोडायचं ठरवून कोणी सोडत नाही. ते फक्त पुढच्या महिन्यावर जातं.

२०१४ मध्ये, निवृत्तीनंतर चार वर्षांनी, मी पेटी घ्यायला निघालो. आता हा भाग घेणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे म्हणून सविस्तर सांगतो. मुंबईत पेटी म्हटलं की दादर. हरिभाऊ विश्वनाथ यांची पेढी तिथे १९२५ पासूनची. त्याशिवाय गल्लीबोळांत दुरुस्ती करणारे कारागीर आहेत, आणि मी अशाच एका कारागिराकडे वापरलेली पेटी पाहायला गेलो. सूर पूर्वी जर्मनीहून, पॅरिसहून यायचे. आज गुजरातेतलं पालिताणा त्यासाठी नावाजलेलं आहे. जुन्या परदेशी सुरांच्या पेट्या हातोहात जातात, आणि पालिताण्याचे सूर परदेशी म्हणून खपवणारेही आहेत. म्हणून शिक्क्यापेक्षा कानावर भरवसा ठेवावा.

कारागिराने मला तीन परीक्षा शिकवल्या. एक, सगळे स्टॉप बंद करून भाता भरायचा आणि हात सोडायचा. भाता लगेच बसला तर कुठेतरी गळती आहे. दोन, एकेक पट्टी अगदी हलक्या बोटाने दाबायची. जोरात सगळेच सूर बोलतात. हलक्या हवेत जो उशिरा बोलतो तो आळशी. तीन, दुहेरी सुराच्या पेटीत दोन्ही सूर एकत्र लावून ऐकायचे. त्यांच्यात किंचित फरक असला की लाट येते, वॉव वॉव अशी. बेचाळीस पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत सूर चौऱ्याऐंशी. तो चौऱ्याऐंशी सुरांपुढे न कंटाळता बसला. एक सूर उतरलेला निघाला, तर त्याने पात्याच्या टोकाशी बारीक कानस दोनदा फिरवली. टोक हलकं झालं की सूर चढतो. मुळाशी घासलं तर उतरतो. बस, एवढंच शास्त्र. बाकी आयुष्य त्या दोनदा आणि तीनदा यातला फरक कळण्यात जातं.

पेटी घरी आली. सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला, "ठेवणार कुठे?" दुसरा प्रश्न खालच्या मजल्यावरून आला, तोही रास्त होता. दुपारी दोन ते चार नाही, रात्री नऊनंतर नाही, असा तह झाला. आणि मी बसलो. मला वाटलं होतं बोटं विसरली असतील. तसं नव्हतं. सा कुठला ते डोक्याला आठवेना, पण वाडीतल्या गजराची चाल बोटांनी आपणहून वाजवली. पुढच्या चालीचे शब्द तोंडात आले नाहीत, तरी बोटं पुढे. उलट मला ठाऊक होतं असं वाटत होतं ते सगळं, अलंकार, राग, त्यात मी अडखळलो. करंगळी कडक झाली होती. डावा खांदा पाऊण तासात भरून यायचा. तरुणपणी भाता सलग मारायचो. आता श्वासागणिक थोडाथोडा मारायला शिकलो, आणि सूर आधीपेक्षा सरळ राहू लागला. वयाने एवढं तरी दिलं.

खरी अडचण दुसरीच होती. एकट्याने पेटी वाजवणं म्हणजे समोर ताट नसताना वाढत राहणं. पेटी साथीचं वाद्य. गाणारा हवा. आणि आपल्या सोसायटीत तेव्हा आरतीला स्पीकर लावून मुद्रित आरत्या चालत. मुलांना आरती येत होती, पण त्या ध्वनिमुद्रिकेच्या वेगाने आणि त्याच पट्टीत. वीज गेली की आरती थांबायची. हे मी नावं ठेवायला सांगत नाही. पण आम्ही कोकणातली, घाटावरची, विदर्भातली, गुजराती, तमिळ अशी एकशे बारा घरं, आणि गणपतीपुढे एकत्र गाताना पट्टी ठरवणारा एक डबा होता. २०१५ च्या गणपतीत पेटी खाली नेली. पहिल्या दिवशी गोंधळ. पुरुष खाली, बायका वर, मुलं तिसरीकडेच. काळी चारमध्ये कोणाचाच आवाज पोचेना. इथे लालबागचे बुवा नव्हते. दोन-तीन दिवस खाली सरकत सरकत पांढरी पाचवर स्थिरावलो, आणि मग सगळ्यांचे गळे उघडले. तीच आपली सोसायटीची पट्टी. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे म्हणून इथे लिहिली.

२०२० चा गणपती २२ ऑगस्टला होता. कार्यालयाबाहेर मूर्ती, पुजारी आणि दोन पदाधिकारी, बाकी सगळ्यांनी घरात थांबायचं. त्या संध्याकाळी मी पेटी गॅलरीत घेऊन बसलो आणि पांढरी पाच लावली. ए विंगमधून एक आवाज उठला. मग सी विंग. मग सगळीकडून. पण ताल काही जमेना, आणि लोकांना वाटलं त्यांचंच चुकतंय. चूक कोणाचीच नव्हती. सी विंग माझ्या गॅलरीपासून साठ-सत्तर मीटर. आवाजाला तेवढं अंतर काटायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि त्यांचं गाणं माझ्यापर्यंत परत यायला तेवढाच. म्हणजे मला ते कायम मागे पडल्यासारखे वाटणार. मी त्यांच्यासाठी थांबलो की ते आणखी थांबत. आरती संथ होत होत रांगायला लागली. शेवटी मी ऐकणंच सोडलं आणि नजर खाली मूर्तीपुढे टाळ वाजवणाऱ्याच्या हातावर ठेवली. सगळ्यांनी तेच केलं. डोळ्यांना उशीर लागत नाही. त्या वर्षी आपल्यातली तीन माणसं पुढच्या काही महिन्यांत गेली, त्यांतले दोघं त्या संध्याकाळी गॅलरीत उभे राहून गात होते. त्यांच्या घरच्यांनी मला नंतर तो आवाज आठवतो असं सांगितलं आहे. नावं घेत नाही.

२०२३ मध्ये आरोंद्याला हरिनाम सप्ताहाला गेलो. आमच्या वाडीची पाळी रात्री. ती एस्टीने पाठवलेली पेटी अजून आहे. भाता दोनदा बदललेला, एका पावसात उंदरांनी कुरतडलेला, झाकण दुसऱ्याच लाकडाचं. पण सूर तेच. कोकणातल्या दमट हवेत पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून वाडीतल्या मंडळींनी तिला फळीवर, चुलीच्या भिंतीपलीकडे जागा दिली आहे. माझे चुलतभाऊ, वय पंच्याऐंशी, गायला बसले. त्यांनी मला पट्टी विचारली नाही. मी दिली नाही. त्यांनी तोंड उघडलं ते काळी चारमध्ये, दोन ओळींनंतर आवाज फाटला, आणि ते तसेच पुढे गात राहिले. मी पट्टी खाली आणायला हात नेला, तर त्यांनी मानेने नको म्हटलं. मग जिथे त्यांचा आवाज पोचत नव्हता तिथे पेटी थोडी मोठी केली, आणि जिथे पोचत होता तिथे लहान. पहाटेपर्यंत तेवढंच काम केलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "बरां वाजयलंस. पण सूर जरा बसलो हा." माझा की पेटीचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी डाव्या खांद्याबद्दल स्पष्ट सांगितलं. अर्ध्या तासाच्या वर भाता मारायचा नाही. म्हणून यंदापासून पेटी माझ्या घरी न ठेवता सोसायटीच्या कार्यालयात ठेवायचं ठरवलं आहे, समितीनेही संमती दिली आहे. बी विंगमधली दहावीतली एक मुलगी आणि तळमजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक सध्या शिकताहेत. मुलीचा हात हलका आहे, मास्तरांचा ताल पक्का. दोघं मिळून एक आरती पूर्ण करतात. ती पट्ट्या दाबते, मास्तर भाता मारतात.

पेटी लोखंडी कपाटात वरच्या फळीवर आहे. खालच्या फळीला पावसात ओल येते. भात्यावर फायली ठेवू नयेत. वाजवून झाल्यावर स्टॉप बंद करून भात्याची खिटी लावावी. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, पंपाच्या किल्लीशेजारी. वेळ सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी चार ते नऊ.